शांत बसल्याचे गुण

अक्का,

तुमच्या दहाव्याला पान ठेवलं आणि कावळा लगेच शिवला. नदीवर जमलेल्यांनी हुश्श केलं. कुणीतरी म्हणालं, "बाईंची काही इच्छा राहिली नव्हती." मी मागे छत्री धरून उभी होते. हसू आवरेना, म्हणून छत्री तोंडापुढे घेतली. ज्या बाईला आयुष्यात कुणाची आमटी धड वाटली नाही, कुणाची सून धड वाटली नाही, तिची काही इच्छा राहिलेली नाही हे एका कावळ्याने ठरवून टाकलं. तुमची मोजदाद करायला आलेला हा शेवटचा. आधी आलेल्यांनाही तुम्ही कळला नव्हतात.

सतीश म्हणाला, "काकू, आईवर चार शब्द लिहा. शेवटी सगळ्यात जास्त तुम्हीच होतात तिच्याजवळ." मी म्हटलं, चांगले चार सापडायचे नाहीत. तो म्हणाला, सापडतील तेवढे लिहा. म्हणून बसलेय. तुमचा मुलगा गुणी आहे, तो तुमच्यावर गेलेला नाही. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ असं काही इथे वाचायला मिळेल अशी आशा मात्र कुणी ठेवू नये. कष्टाळू होतात. बाकीचे दोन शब्द दुसऱ्या कुणासाठी राहू देत.

तुम्ही माझ्या थोरल्या जाऊबाई. तुमचं माहेर बेडशाचं, माझं इंदुरीचं. लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून तुम्ही मला कधी नावाने हाक मारली नाहीत. "ये इंदुरीचे." पाहुण्यांसमोर तेच, बाजारात तेच. माझं नाव शैला आहे हे तुम्हाला आजारपणाच्या आधीपासूनच आठवत नव्हतं. थोरले दीर अचानक गेले, शेती होती ती अशीतशीच, आणि लोणावळ्यात दर वर्षी नवं हॉटेल उभं राहत होतं. मी म्हटलं, हॉटेलांच्या चादरी धुऊ. तुम्ही म्हणालात, "लोकांची अंथरुणं धुवायची? इंदुरीला हेच शिकिवलं व्हय?" आणि दुसऱ्या दिवशी माझ्याआधी हौदावर हजर होतात.

चादर धुवायला मशीन आलं, पिळायला आलं, वाळवायला आलं. मावळातल्या पावसात दोरीवर काही वाळत नाही हे तुम्हीच आधी मान्य केलंत. हनिमूनला येणाऱ्यांच्या मेंदीचे डाग कशाने जातात हेही तुम्हीच शोधलंत, आणि मला कधी सांगितलं नाहीत. मी चोरून बघितलं. पण घडी घालायला आमच्याकडे शेवटपर्यंत दोन बायकाच लागल्या. डबलबेडची चादर एकटीला आवरत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, टोकाला टोक जुळवायचं, मग चालत जवळ येऊन एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. ताणताना एक हिसका द्यावा लागतो, त्याने सुरकुत्या निघतात. तुमचा हिसका सुरकुत्यांसाठी नसायचा. समोरची पुढे धडपडली पाहिजे, एवढा जोराचा असायचा. सुरुवातीला मी धडपडले. नंतर पाय रोवून, जरा मागे रेलून उभं राहायला शिकले. मग तुम्ही आणखी जोर लावायला लागलात. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आपण दोघी हसत नसू.

आणि मग तो शनिवार.

जोडून सुट्ट्या आल्या होत्या, सगळी हॉटेलं भरलेली. सकाळी ऑफिसातला फोन वाजला, तुम्ही घेतलात. इंदुरीहून माझ्या भावाचा होता. आई गेली, शैलाला लगेच पाठवा. तुम्ही फोन ठेवलात, बाहेर आलात, माझ्यासमोर उभ्या राहिलात आणि चादरीची दोन टोकं उचललीत. दिवसभर आपण घड्या घातल्या. दिवसभर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. जेवायला बसलो, तेव्हा तुम्ही माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकलीत. मला तेव्हाच नवल वाटलं होतं. संध्याकाळी शेवटचा गठ्ठा गाडीत चढला आणि तुम्ही म्हणालात, "झाल्या का सगळ्या? बस जरा हितं. सांगायचं हाय."

मी पोचले तेव्हा घाटावर नुसती धग होती. भाऊ माझ्याशी बोलला नाही. त्याला वाटलं, मला धंदा मोठा झाला.

मी परत येऊन तुम्हाला विचारलं, का? तुम्ही म्हणालात, "गाडी रिकामी गेली असती तर हाटेल सुटलं असतं. तू जाऊन काय आईला उठिवनार होतीस?" त्यानंतर मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. साबण संपला. गाडी आली. वीज गेली. बाकी वर्षानुवर्षं नुसत्या घड्या. तुम्ही एक दिवस म्हणाल, इंदुरीचे, चुकलं माझं, अशी मी वाट बघत होते. मोठं काही नको होतं, चालता चालता म्हटलं असतंत तरी चाललं असतं. तुम्ही म्हणाला नाहीत. आणि मग तुम्हाला विसरायचा आजार झाला. सगळ्यांना तुमची दया आली. मला राग आला. मला वाटलं, या बाईने सुटायला बरी वाट शोधली.

तुमचा डिमेन्शिया आधी कुणाच्या लक्षात आला नाही, कारण संशय घेणं, ओरडणं, आलेल्या माणसाला ओळख न देणं हे सगळं तुम्ही निरोगी असतानाही करत होतात. धुतलेला गठ्ठा परत हौदात टाकायला लागलात तेव्हा कळलं. मग हळूहळू चालणं गेलं, हिशेब गेला, सतीश गेला. म्हणजे त्याचं नाव गेलं, तो कोण ते गेलं. त्याने तुम्हाला वाकडच्या फ्लॅटवर नेलं, तिथे तुम्ही दिवसभर लिफ्टच्या आवाजाला घाबरत होतात. मी म्हटलं, आण परत. आपली घरं एकाच अंगणात. मंदा होती हाताशी, ती पूर्वी घड्यांवरच होती, तिला तुमच्याकडे लावलं. लोक म्हणाले, शैलाचं मन मोठं. मन वगैरे काही नाही. तुम्ही माझ्या डोळ्यांसमोरून जावं हे मला चालणार नव्हतं. आपलं बोलणं अर्धं राहिलं होतं.

शेवटच्या टप्प्यावर तुमच्याकडे थोडेच शब्द उरले. "न्हाई." "कुटं?" "गेलं का?" आणि "इंदुरीची". पोटच्या मुलाचं नाव गेलं, नवऱ्याचं गेलं, स्वतःचं गेलं. माझं माहेर राहिलं. मी आत आले की तुमचे डोळे बारीक व्हायचे, खालचा ओठ पुढे यायचा आणि तुम्ही म्हणायचात, "आली. इंदुरीची. सटवी." मंदाला वाईट वाटायचं. "शैलाताई, एवढं करता आणि बघा." मी म्हणायचे, "बघतेय. आज 'सटवी' स्पष्ट आलं. काल अर्धंच आलं होतं."

मग मोजणीवाले सर आले. आमच्या मावळात मोजणी म्हटलं की जमिनीची. शेजारचे आबा काठी घेऊन कुंपणाशी येऊन उभेसुद्धा राहिले. "कुनाची हद्द सरकवताय?" मी सांगितलं, जमीन नाही आबा, अक्कांना मोजायला आलेत. "तिला? तिला कशानं मोजनार?" म्हणाले आणि खोकत परत गेले.

सरांचं काम असं होतं. ज्या माणसांचा आजार पार पुढे गेला आहे, ज्यांना विचारून काही कळत नाही, ती कशी जगताहेत ते बाहेरून बघून ठरवायचं. हसतात का. रडतात का. चेहरा आवळतात का. चिडतात का. जेवणात रस आहे का. कुणी हात लावलेला आवडतो का. माणसांत रमतात का. शांत असतात का. प्रत्येकाला गुण, आणि शेवटी एक बेरीज. पुण्याच्या डॉक्टरांकडून सतीशने ते जुळवून आणलं होतं. आईला त्रास होतोय की नाही हे त्याला कुणाकडून तरी ऐकायचं होतं. माझ्याकडून नको होतं, आणि त्यात त्याची चूक नाही.

सर सभ्य माणूस. पांढऱ्या मिशा, पांढरा सदरा, हळू बोलणं. खुर्ची ओढून तुमच्यासमोर बसले आणि म्हणाले, "नमस्कार आजी. कशा आहात?" तुम्ही एकदा त्यांच्याकडे बघितलंत आणि पायावरची चादर ओढून डोक्यावर घेतलीत, पार कपाळापर्यंत, आणि भिंतीकडे तोंड केलंत. मंदाने लापशीचा चमचा पुढे केला, तुम्ही ओठ घट्ट मिटलेत. सर बसून होते तोवर एक शब्द नाही, एक घास नाही. सर लिहीत होते.

मी विचारलं, "काय लिहिलंत?"

"चेहरा झाकतात. नजर टाळतात. अन्न नाकारलं. भीती दिसते."

"भीती नाही ती. तुम्ही आमच्या मामंजींसारखे दिसता. मामंजींसमोर थोरल्या सुनेने कधी मान वर केली नाही, घास तोंडात घातला नाही. मीसुद्धा नाही. आता अंगात गाऊन आहे, पदर कुठून आणणार? म्हणून चादर घेतली."

"असेलही, ताई. पण मला अर्थ लावायचा नसतो. दिसलं ते लिहायचं असतं."

"मग तुम्हीच दिसू नका. बाहेर बसा."

ते खरंच अंगणात गेले आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसले. आत आपली ती वेळ चादरींची होती. तुमच्या पलंगाशी मी रोज दुपारी चार-दोन चादरी घेऊन यायचे. तुम्हाला उशांना टेकून बसवायचं आणि हातात टोकं द्यायची. घडी कसली होतेय; मी ती नंतर बाहेर नेऊन परत घालायचे. तुम्ही चादरीतून डोकं बाहेर काढलंत, दाराकडे बघितलंत आणि म्हणालात, "गेलं का म्हातारं?" खिडकीबाहेर सर खोकले. मग तुम्ही लापशी खाल्लीत, वाटीभर. मग टोकं धरलीत आणि हिसका दिलात. वाळक्या हातांत तो जोर कुठून यायचा कोण जाणे. "सोड. सटवे. सोड!" मी सोडायचे नाही. तुम्ही दात नसलेलं तोंड आवळून परत ओढायचात. डोळ्यांत पाणी यायचं तुमच्या, एवढा जोर.

सरांनी तेही लिहिलं. दुसऱ्याच्या हातातल्या वस्तू हिसकावतात. शिवीगाळ करतात. चेहरा आवळतात.

जाताना त्यांनी चहा घेतला. कप खाली ठेवून म्हणाले, "एक विचारू? त्यांना आनंद कशाने होतो?"

"मला छळल्याने."

ते हसले. मग हसायचे थांबले आणि पेनाचं टोपण काढून म्हणाले, "मग हे मी कुठल्या रकान्यात घालू?"

"नसेल रकाना तर पाडा एक."

"तसं करता येत नाही. प्रत्येकाला वेगळी पट्टी लावली तर मोजलं काय?"

हॉटेलची चादर मोजताना तिच्यावर कोण किती सुखाने झोपलं ते मीही विचारत नाही. ते चुकीचं काम करत नव्हते. फक्त त्यांच्या पट्टीत तुम्ही मावत नव्हतात. तुम्ही कशातच मावत नव्हतात.

बेरीज वाईट आली. सतीश तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेला. मधल्या काळात तुम्ही मंदाच्या हाताला चावा घेतला होता, तेही त्याने सांगितलं. ते खरंच होतं. डॉक्टरांनी शांत राहायची गोळी लिहून दिली. मी विरोध केला नाही. काही घरांत ती लागते, माणसं स्वतःला ओरबाडतात, सांभाळणाऱ्याचं डोकं फोडतात. बघू म्हटलं.

तुम्ही शांत झालात, अक्का. पहिल्यांदा. त्या घरात इतकी वर्षं मी अशी शांतता ऐकली नव्हती. पुढ्यात आणला तो घास गिळायचात. पुसलं की पुसून घ्यायचात. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, "किती गोड दिसतात हो आता." गोड! तुम्हाला! मी त्यांना चहा न देता वाटेला लावलं.

मी दुपारी चादर घेऊन आले. टोकं तुमच्या हातात दिली, मागे सरकले, सवयीने पाय रोवले, मागे रेलले. हिसका आलाच नाही. टोकं तुमच्या बोटांतून निसटली आणि मी चादरीसकट मागच्या कपाटावर जाऊन आदळले. कोपराला खरचटलं. मी तिथेच जमिनीवर बसून तुमच्याकडे बघितलं. इतकी वर्षं मला पाडायला बघत होतात, आणि पाडलंत तेव्हा तुम्हाला कळलंसुद्धा नाही. तुम्ही माझ्या पलीकडे बघत होतात. "सटवी" नाही, "इंदुरीची" नाही, ओठ पुढे आला नाही.

सर परत आले. या वेळी त्यांना खिडकीबाहेर बसावं लागलं नाही. ते समोर बसले तरी तुम्ही चादर ओढली नाहीत. रडत नाहीत, चिडत नाहीत, खातात, शांत आहेत. बेरीज चांगली आली. सतीशने नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, आईच्या जगण्याचा दर्जा सुधारला. खाली हात जोडलेली चित्रं, फुलं, देवाची कृपा.

रविवारी तो आला तेव्हा मी त्याला अंगणातच गाठलं.

"गोळी कमी करायची."

"काकू, पण ती आता बरी आहे. गुण बघा ना."

"गुण शांत बसल्याचे आहेत. वर्गातलं झोपलेलं पोर शांतच असतं."

"आधी ती दिवसभर शिव्या देत होती हो. मला बघवत नव्हतं."

"तुला देत नव्हती. मला देत होती."

"तेच! तुमचीच मला लाज वाटत होती. तुम्ही तिचं सगळं करायचं आणि ती..."

"मला चालत होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. शांत मुलगा, पण मूर्ख नाही. म्हणाला, "काकू, खरं सांगा. आईसाठी म्हणताय की तुमच्यासाठी? तुम्हाला भांडायला कुणीतरी हवंय."

मला राग आला, आणि तो खरं बोलला म्हणून आला. मी म्हटलं, "हवंय. मग? तुझ्या आईलाही तेच हवं होतं. तिच्याकडे तेवढंच उरलं होतं. नाव गेलं, गाव गेलं, तू गेलास. मी एक राहिले होते, तेही गोळीने पुसलं. आता तिच्याकडे काय आहे ते सांग. लापशी सोडून."

तो पायरीवर बसला. म्हणाला, "आणि त्रास होत असेल तर? शिव्या म्हणजे आतून दुखत असेल तर?"

"असेल. मला ठाऊक नाही. तुलाही नाही. त्या सरांनाही नाही. पण ती चादर ओढायची तेव्हा मी तिच्या समोर उभी असायचे. तू नसायचास."

गोळी अशी एकदम तोडत नाहीत, एवढी अक्कल मला होती. आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरबाई कडक होत्या. चावल्या तर, पडल्या तर, तुम्हाला इजा झाली तर, असं सगळं विचारलं. मी कोपर दाखवलं. म्हटलं, इजा त्या शांत असताना झाली. त्या हसल्या नाहीत, पण गोळी हळूहळू उतरवू म्हणाल्या, आणि काही बिघडलं तर परत चढवू.

तुम्ही परत आलात. सगळ्याच आलात, तेही सांगायला हवं. रडणंही आलं. काही दुपारी तुम्ही कशासाठी कोण जाणे, तासन्‌तास कण्हत राहायचात, आणि मंदा माझ्याकडे बघायची. ते मी आणलं. सतीशने विचारलेला प्रश्न तेव्हा माझ्याशेजारी येऊन बसायचा. मी उठून तुमची पाठ चोळायचे, कूस बदलायचे, ओठाला पाणी लावायचे. कधी थांबायचात, कधी नाही. एखाद्या दिवशी मला वाटायचं, द्यावी गोळी. मग दुपार उतरायची, मी चादर घेऊन यायचे, आणि एक दिवस हिसका आला. लहानसा, लहान पोराने पदर ओढावा तेवढा. ओठ पुढे आला. "इंदुरीची." मी मंदाला ओरडून सांगितलं. ती भाताची पातेली हातात घेऊनच पळत आली.

सरांची बेरीज परत खाली गेली. ते म्हणाले, "ताई, 'शांत'चे गुण आता कापावे लागतील." मी म्हटलं, कापा. त्यांनी कापले. जाताना अंगणात थांबून म्हणाले, हे सगळं ते वेगळं टिपून ठेवणार आहेत, उपयोग होईल न होईल. मला त्यांच्याबद्दल वाईट मत नाही.

आता ती दुपार. ती सांगितली नाही तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

त्या दिवशी तुम्ही बऱ्या होतात. आपल्या चादरी झाल्या. मी शेवटची तुमच्या पायथ्याशी ठेवली. तुम्ही तिच्याकडे बघितलंत आणि स्वच्छ आवाजात म्हणालात, "झाल्या का सगळ्या?"

मी म्हटलं, "झाल्या."

"बस जरा हितं."

मी बसले. तुमच्या पलंगाच्या कडेवर, इतकी वर्षं जिथे कधी टेकले नव्हते तिथे. बाहेर मशीन फिरत होतं, त्याने खिडकीचे गज थरथरत होते. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. त्या शनिवारी दिवसभर बघत होतात तसंच. मी वाट बघितली. तुमचं तोंड उघडलं. मी म्हटलं, "बोला, अक्का. सांगायचंय ना?" आयुष्यात तुमच्याशी इतकं हळू मी कधी बोलले नव्हते. तुम्ही हात पुढे केलात, माझ्या पदराचं टोक धरलंत, दुसऱ्या हाताने दुसरं शोधलंत, दोन्ही जुळवलीत. आणि हिसका दिलात. मी पाय रोवलेले नव्हते. मी पुढे येऊन तुमच्या गुडघ्यांवर पडले.

तुम्ही हसलात. आवाज न करता, सगळ्या हिरड्या दाखवून. मी तुमचं ते हसू त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

मंदा म्हणते, त्यांनी माफी मागितली हो तुमची. मी तिला म्हटलं, गप. त्यांनी मला पाडलं आणि त्यांना मजा आली, एवढंच झालं. सरांच्या भाषेत सांगायचं तर मला अर्थ लावायचा नाही, दिसलं ते लिहिलं. माफी तुम्ही मागितली नाहीत. मी दिलेलीही नाही. मेलेल्या माणसाला लोक पटकन माफ करून टाकतात, घर झाडल्यासारखं. मला ते जमत नाही, आणि तुम्हालाही ते आवडलं नसतं. पण त्या हसण्याला किती गुण, हे सरांना विचारायचं राहून गेलं. ते त्या दिवशी आले नव्हते.

तुम्ही गेलात तोही शनिवारच निघाला. जोडून सुट्टीचा. तुम्हाला दुसरा वार सापडला नाही. हॉटेलची गाडी फाटकात उभी होती, निम्मे गठ्ठे व्हायचे होते. मी सुनंदाबरोबर घडी घालत होते. ती नवी आहे, हळू ताणते, तिच्या घड्या ढिल्या पडतात. मंदा दारात आली. पळत नाही, चालत. तिचं तोंड बघूनच मला कळलं. ती म्हणाली, "शैलाताई, अक्का..." आणि मी हातातली टोकं सोडली. चादर ओल्या फरशीवर पडली.

सगळ्यात आधी मी सतीशला फोन केला. तुमचे डोळे नंतर मिटले, तोंड नंतर पुसलं, आमच्या ह्यांना नंतर सांगितलं. आधी तुमच्या मुलाला फोन केला. म्हटलं, "सतीश, आई गेली. आत्ता. नीघ." गाडीचा ड्रायव्हर विचारायला आला, "मावशी, माल?" मी म्हटलं, आज नाही. तो म्हणाला, हॉटेलवाले ओरडतील. ओरडू दे म्हटलं. गाडी रिकामी गेली. सोमवारी त्यांनी काम दुसरीकडे दिलं. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं, हॉटेल सुटलं. त्याबाबतीत तुम्ही बरोबर होतात, हे लिहून देते.

रस्ता भरलेला होता, सुट्टीला आलेल्यांच्या गाड्यांची रांग लागली होती. लोक म्हणत होते, किती वेळ ठेवायचं, उरकून घेऊ. मी दारात खुर्ची टाकून बसले. म्हटलं, तो आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

सतीश आला तेव्हा तुम्ही घरात होतात. त्याने तुमचे पाय धरले, तोंडात पाणी घातलं, तुमच्या कानाशी काहीतरी बोलला आणि पोटभर रडला. त्याला कुणी घाई केली नाही. मी दाराला टेकून बघत होते. निरोप असा सांगतात, अक्का. मला तुम्हाला एवढंच दाखवायचं होतं, आणि बघायला तुम्ही नव्हतात.